निद्रेचा ऱ्हास : हैदराबादच्या अनुभवावरून काही विचार

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पालकसभेत आम्ही मुलांच्या झोपेविषयी बोलत होतो. मुले रात्री उशिरा निजतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. याचे मूळ घरातील वडील माणसांच्या जागरणात आहे, त्यांनीच आधी आपल्या रात्रीला शिस्त लावावी, असा आमच्या बोलण्याचा एकंदर सूर होता. भाषण रंगात आले असता शेवटच्या बाकावर एक गृहस्थ भिंतीला डोके टेकून चक्क घोरू लागले. सभेत हशा पिकला. आम्हीही त्यात सामील झालो, हे आज लिहिताना संकोच वाटतो. सभा संपल्यावर कळले, की ते माधापूरकडील एका इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. सकाळी सहाला सुटून, दोन बसगाड्या बदलून, ते घरी न जाता सरळ सभेस आले होते. मुलाची प्रगतिपुस्तिका हाती घेताना त्यांनी आमचीच क्षमा मागितली.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. प्रौढ माणसांची झोप कमी होत चालली आहे, हे वाक्य आज सर्वतोमुखी झाले आहे. वैद्य, संपादक, व्याख्याते आणि आम्हां शिक्षकांसारखे उपदेशक ते नित्य उच्चारतात. परंतु ‘कमी होत चालली आहे’ या विधानात इतिहास गृहीत धरलेला असतो. पूर्वी ती अधिक होती, हे त्यात न बोलता सांगितलेले असते. ती खरोखरच अधिक होती काय, आणि कोणाची, हे आपण सहसा विचारीत नाही. राजांच्या लढाया, देवळांचे शिलालेख, धान्याचे भाव यांची साधने आपण शोधतो. निद्रा मात्र आपल्या मागे कागद ठेवीत नाही. झोपलेला मनुष्य रोजनिशी लिहीत नाही. त्यामुळे या विषयाचा इतिहास जागणाऱ्यांच्या खुणांवरूनच लिहावा लागतो.

प्रथम आजची मोजदाद पाहू. अमेरिकेत अशा नोंदी पुष्कळ वर्षांपासून ठेवल्या जातात. सहा तास वा त्याहून कमी झोप घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण तेथे १९८५ साली शेकडा सुमारे २२ होते, ते २०१२ पर्यंत शेकडा २९ च्या घरात गेले. प्रौढाने किमान सात तास झोपावे, असे तेथील निद्रावैद्यकाच्या संस्थांनी २०१५ साली ठरविले. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली प्रथमच देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. एका पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या कप्प्यांत वाटून, घरोघर विचारपूस करून हे तक्ते भरले गेले. त्यांत भारतीय माणसाची झोप नऊ तासांच्या आसपास निघाली. शहरातील पुरुषांची तेवढी थोडी कमी. हे आकडे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस वाटले, आपण उगाच हळहळतो; देश तर सुखाने निजला आहे!

पण पुढे चेन्नई येथील एक अभ्यास वाचनात आला आणि हा समज टिकला नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी तेथील अल्प उत्पन्नाच्या साडेचारशेंच्या वर स्त्री-पुरुषांच्या मनगटास झोप मोजणारे यंत्र बांधून पाहिले, आणि २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप मात्र साडेपाच तासांचीच होती. उकाडा, डास, रहदारीचा गोंगाट, दाटीची घरे यांनी त्यांची रात्र शतखंड केली होती. म्हणजे घरोघर विचारल्यावर जी झोप नऊ तास दिसते, ती मनगटावर मोजली असता पुष्कळ आक्रसते. एका पाहणीने अंथरुण मोजले, दुसरीने झोप. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. रात्री अर्धा-पाऊण तास अधिक निजण्यास साहाय्य करूनही या लोकांच्या कामात फरक पडला नाही. उलट दुपारी कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासाची डुलकी घेऊ दिली तेव्हा कामही सुधारले आणि चित्तही प्रसन्न राहिले. आपल्या वामकुक्षीला शास्त्राचा असा पाठिंबा मिळालेला पाहून आमच्या पिढीतील अनेकांस आनंद होईल. मात्र ही डुलकी ज्यांस हवी आहे त्यांस ती कोण देतो, हा प्रश्न राहतोच.

आता पूर्वीच्या रात्रीकडे वळू. पाश्चात्त्य इतिहासकारांत रॉजर एकर्च यांनी २००१ साली एका निबंधात, व पुढे २००५ च्या ग्रंथात, असे मांडले की औद्योगिक युगापूर्वीच्या युरोपात लोक रात्री दोन खंडांत निजत. मध्ये तास-दोन तास जागे राहून प्रार्थना करीत, बोलत, घरकामही करीत. सलग आठ तासांची झोप ही अलीकडची कल्पना आहे, असा त्याचा मथितार्थ. उलट २०१५ साली टांझानिया, नामिबिया व बोलिव्हिया येथील विजेवाचून राहणाऱ्या तीन जमातींची झोप मोजली गेली, तेव्हा ती पावणेसहा ते सात तासांच्या दरम्यान निघाली, आणि बहुधा सलग. दिवा नसला म्हणजे मनुष्य सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत निजतो, ही आपली भाबडी समजूत यामुळे डळमळते. पूर्वजांच्या झोपेला सुवर्णयुग मानण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे.

आपल्या भाषेत पहाटेसाठी जेवढे शब्द आहेत तेवढे मध्यरात्रीसाठी नाहीत. पहिला कोंबडा, झुंजुमुंजु, तांबडे फुटणे, शुक्राची चांदणी, रामप्रहर. ही शब्दसंपत्ती उशिरा उठणाऱ्या समाजाची नव्हे. रात्रीचे चार प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. त्यांतील शेवटचा बहुतेकांच्या वाट्याला झोपेसाठी नव्हताच. सूर्योदयापूर्वी सुमारे दीड तास ब्राह्ममुहूर्त सुरू होतो, आणि त्या वेळी उठावे असे शास्त्र सांगते. देवळांत काकडआरती, सप्ताहात रात्रभर भजन, कुळाचारात जागरण-गोंधळ, आश्विनात कोजागरी. पुण्याचा मोठा भाग आपण जागण्यात साठविला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात एक संपूर्ण समास निद्रेवर लिहिला आहे. त्यात निजलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा त्यांनी इतक्या विनोदाने वर्णिल्या आहेत, की कीर्तनाच्या मागील रांगांचे त्यांचे निरीक्षण किती बारीक होते हे दिसावे. वैद्यकाने मात्र झोपेची बाजू सोडली नाही. चरकाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. ग्रीष्माखेरीज दिवसा निजू नये असे सांगताना ओझ्याने, प्रवासाने वा श्रमाने थकलेल्यांस त्यातून सूट दिली. वाग्भटाने तर रात्री जेवढे जागरण घडले त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, निजावे असा हिशेबच घालून दिला आहे. ज्या समाजात वैद्याला असा हिशेब मांडावा लागतो, त्यात जागरण ही नित्याची बाब असली पाहिजे.

ही जागरणे कोणाची? पहाटेच्या आमच्या सर्व काव्यमय कल्पनांच्या तळाशी जात्याची घरघर आहे. घरातील पुरुष रामप्रहरी उठून स्नानसंध्येस लागे तेव्हा त्या दिवसाच्या भाकरीचे पीठ दळून झालेले असे. ते दळणारी बाई किती वाजता उठली, हे धर्मशास्त्राने नोंदविले नाही. तिने स्वतःच ओव्यांतून नोंदविले. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्या संग्रहाकडे आपण लोकसाहित्य म्हणून पाहतो. तो रात्रीच्या श्रमाचा दफ्तरखानाही आहे, असे आम्हांस वाटते. बाईच्या खालोखाल जागणारा म्हणजे गावचा जागल्या. सारे गाव निजावे म्हणून तो जागे. त्याच्या नावातच त्याची वृत्ती सांगितलेली आहे, आणि आमच्या पालकसभेतील त्या गृहस्थांस याहून अचूक नाव नाही.

हैदराबाद शहर १५९१ साली वसले. त्याच्या पहिल्या तीन शतकांच्या रात्री तेल आणि मशालीच्या उजेडावर चालल्या. घड्याळ येथे उशिरा आले, पण आले ते शहराच्या माथ्यावर. चारमिनारच्या चारी बाजूंस घड्याळे बसविली गेली ती १८८९ साली. सिकंदराबादचा घड्याळमनोरा १८९७ चा. त्याआधी १८७४ साली वाडीहून सिकंदराबादपर्यंत आगगाडी धावू लागली होती. आगगाडी प्रहर ओळखीत नाही, मिनिट ओळखते. गाडी चुकेल या धास्तीने रात्रभर तळमळणे हा जो अनुभव आज सर्वांस परिचित आहे, तो या शहराला तेव्हापासून ठाऊक झाला असावा.

घड्याळ झोपेशी कसे खेळते याचे आपल्या प्रांतातील ठळक उदाहरण मुंबईचे आहे. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशास एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजू लागला तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे आधी उठणे प्राप्त. त्या महिन्यात काही कामगारांनी या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. सुशिक्षितांचा विरोध राष्ट्राभिमानाचा होता. कामगारांचा झोपेचा होता, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. मुंबईच्या नगरपालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. हैदराबाद अधिक पूर्वेस असल्याने येथील सूर्य व प्रमाणवेळ यांत सोळा मिनिटांचेच अंतर पडते. म्हणून येथे या प्रश्नाने कोणाचे डोके तापले नसावे.

वेळेच्या पाठोपाठ वीज आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली, तेव्हा कामाचा दिवस अजून सूर्याच्या कह्यात होता. उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. विजेच्या दिव्यांनी हे बंधन तोडले. १९०५ च्या सुमारास मुंबईतील काही गिरण्या दिवसाचे चौदा-पंधरा तास चालू लागल्या. चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. बारा तास काम, येण्याजाण्याचा वेळ, चाळीतील नळावरची रांग आणि स्वयंपाक इतके वजा केल्यावर चोवीसांतून काय उरते, हा हिशेब पाचवीतला विद्यार्थीही करील. अपुऱ्या झोपेचा आरंभ दूरचित्रवाणीपासून वा मोबाईलपासून मानणारांनी हा कायदा एकवार पाहावा. निजामी राज्यात गुलबर्गा, औरंगाबाद, नांदेड, वरंगळ या गावांतही गिरण्या उभ्या राहिल्या. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर आपली घड्याळे लावणारी माणसे आमच्या लहानपणी आम्ही पाहिली आहेत.

हैदराबाद शहरात वीज १९१० च्या सुमारास आली, आणि हुसेनसागराच्या काठी १९२० मध्ये वीजगृह झाले. पण या शहराची रात्र गिरणीपेक्षा मैफलीने अधिक घडविली. मुशायरे पहाटेपर्यंत चालत. विवाहाच्या दावतीला मध्यरात्रीपूर्वी पान मांडले तर यजमानाची घाई दिसते, हा येथील रिवाज अजूनही पुरता गेलेला नाही. रमजानमध्ये चारमिनार, पत्थरगट्टी, मदिना या भागांत रात्र दिवसाहून उजळ असते, आणि सहरीच्या वेळी इराणी चहाच्या दुकानात बसावयास जागा मिळत नाही. सुलतानबाजार, गवळीगुडा, काचीगुडा या वस्त्यांतील मराठी मंडळींनी या शहराकडून उशिरा निजणे घेतले, आणि आपल्या गावाकडून आणलेले लवकर उठणे सोडले नाही. दोहोंच्या मध्ये जी काही झोप उरली तिच्यावर त्यांनी शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली आणि गणेशोत्सवातील व्याख्याने ऐकली. शाळेच्या भिंतीवर मात्र लवकर निजून लवकर उठणाऱ्यास ज्ञान, आरोग्य व संपत्ती लाभते, असे सुभाषित रंगविलेले असे. आमच्याही शाळेत ते आहे. ते आपल्या ऋषींचे नसून बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पंचांगात छापून लोकप्रिय केलेल्या इंग्रजी म्हणीचे रूपांतर आहे, हे आम्हांस मुख्याध्यापक होईपर्यंत ठाऊक नव्हते.

डासांचा उल्लेख वर आला. सिकंदराबादनजीक बेगमपेठ येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. त्या शोधासाठी त्यांनी हुसेनखान नावाच्या रुग्णास पैसे देऊन मच्छरदाणीत निजविले व त्यात डास सोडले. मच्छरदाणी डासांना बाहेर ठेवण्यासाठी असते. येथे ती त्यांस आत कोंडण्यासाठी होती. प्रत्येक चाव्यास एक आणा या दराने त्या माणसाने जी झोप विकली, तिच्यावर एक नोबेल पारितोषिक उभे आहे.

या शहराच्या व मराठवाड्याच्या आठवणीत जागरणाचे एक निराळे पर्व आहे. १९४७ चा ऑगस्ट ते १९४८ चा सप्टेंबर या काळात रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे रात्री जागत. आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, की बायका दागिने कमरेला बांधून, अंगावरच्या वस्त्रानिशी निजत. पुरुष आळीपाळीने गच्चीवर वा वेशीत बसत. आणि कुत्री भुंकू लागली की लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवला जाई. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे भय सरले, पण अंगात भिनलेली सवय गेली नाही. आमचे एक चुलते मरेपर्यंत दाराशी खाट टाकून निजत. त्याच सप्टेंबरात व त्यानंतर मराठवाड्यात अनेक मुसलमान कुटुंबांनीही तशाच रात्री काढल्या. हेही त्याच इतिहासाचे पान आहे, आणि ते आपल्या मराठी आठवणींत फारसे लिहिले जात नाही. भयाने गेलेली झोप कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात बसत नाही. तिची नोंद ज्यांनी ठेवावयाची ती पिढी आता जवळजवळ संपली.

यंत्र केवळ झोप हिरावते असेही नाही. पिठाची चक्की आली आणि लाखो बायकांस पहाटेचा तास-दीड तास परत मिळाला. आमच्या मते गेल्या शतकातील निद्रेच्या इतिहासात याहून मोठी देणगी कोणी दिली नाही; परंतु चक्कीवर कोणी पोवाडा रचलेला नाही. दुसऱ्या हाताने शहराने हा तास काढून घेतला, तो पाण्यासाठी. १९०८ च्या सप्टेंबरातील मुसीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणांची योजना झाली. १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले आणि घरोघर नळ गेले. शहर वाढले तसे पाणी अपुरे पडले. आजही अनेक वस्त्यांत ते दिवसाआड येते, आणि येण्याची वेळ पाणी ठरविते, घर नव्हे. पहाटे तीनला नळ फुरफुरला की उठणारी व्यक्ती घरात कोण असते, हे सांगावयास नको. जात्याजवळची बाई उठून हंड्याजवळ गेली, एवढाच फरक झाला. आणि जात्यावर निदान ओवी तरी होती.

आता अलीकडच्या काळाविषयी. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि माधापूरच्या खडकाळ माळावर एक नवे शहर उगवले. त्या शहराचा सूर्य अमेरिकेत उगवतो. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. तेथील लोक वर्षातून दोनदा आपली घड्याळे तासभर पुढेमागे करतात, आणि त्या दिवशी येथील हजारो घरांतील जेवणाची, निजण्याची, मुलाला शाळेत सोडण्याची वेळ तासाने सरकते. १९०६ साली मुंबईचा कामगार एकोणचाळीस मिनिटांसाठी रस्त्यावर आला होता. आज तासभराच्या बदलाविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही, कारण वेतन चांगले आहे आणि काम स्वखुशीचे आहे, असे समजले जाते. आमचा एक माजी विद्यार्थी अशा कचेरीत अकरा वर्षे रात्रपाळी करीत आहे. त्याच्या शयनगृहाच्या खिडकीस काळे जाड पडदे आहेत, दारावरच्या घंटेचा आवाज काढून टाकलेला आहे, आणि त्याची सहा वर्षांची मुलगी घरात टाचा उचलून चालावयास शिकली आहे. तो आम्हांस म्हणाला, “सर, झोप मिळते, पण ती दिवसाची असते, अंगाला लागत नाही.” जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ साली संभाव्य कर्करोगकारकांत घातले व २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. शरीरातील घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अंगाला लागत नाही’ हा प्रयोग त्या विद्वानांच्या निबंधांत नसेल, पण अर्थ तोच आहे.

आणि जेथे असा अभियंता रात्री बसतो तेथे त्याच्यासाठी चहावाला, गाडीचालक, झाडूवाला आणि फाटकावरचा रखवालदार हेही जागतात. त्यांस काळे पडदे परवडत नाहीत. आमच्या पालकसभेतील गृहस्थ दुपारी पत्र्याखालच्या एका खोलीत निजतात, ज्या खोलीत त्याच वेळी स्वयंपाक होतो. तेलंगण सरकारने २०२३ साली दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली, तेव्हा वृत्तपत्रांनी ग्राहकांच्या सोयीविषयी पुष्कळ लिहिले. दुकानात रात्री तीन वाजता उभा राहणारा मुलगा त्या मजकुरात आम्हांस आढळला नाही.

खेड्यात झोप आहे, शहरात ती गेली, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात शेतीपंपांची वीज पुष्कळ काळ आळीपाळीने मिळत आली आहे. एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्यात रात्री दहा तास. रात्रीच्या आठवड्यात मराठवाड्यातील शेतकरी हातात विजेरी घेऊन, विंचू-सापांच्या वाटेने, दारे धरीत फिरतो. आंध्र प्रदेशातही पूर्वी हाच प्रकार होता. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज देण्यात आली. देगलूर-धर्माबादकडील आमचे आप्त तेव्हा पलीकडच्या गावांकडे बोट दाखवून म्हणत, की त्यांचे पीक नव्हे, त्यांची झोप पाहून हेवा वाटतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून सौर विजेच्या योजनेने दिवसा वीज देण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. तो जेथे पोहोचला तेथील शेतकऱ्याच्या रात्रीत काय बदल झाला, हे कोणीतरी जाऊन विचारावयास हवे.

यास्तव परिषदेच्या सभासदांस व आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एक विनंती आहे. हैदराबादेतील मराठी कुटुंबांत ऐंशीच्या पुढच्या ज्या स्त्रिया आज आहेत, त्यांस त्यांच्या तरुणपणीच्या रात्रीविषयी विचारून ठेवावे. केव्हा उठत, केव्हा निजत, जाते केव्हा थांबले, नळ केव्हा आला, १९४८ च्या रात्री वडीलधाऱ्यांनी कशा सांगितल्या, दुपारी पाठ टेकावयास मिळे की नाही, एवढे सात-आठ प्रश्न पुरेत. आम्ही स्वतः गेल्या दिवाळीपासून अशा काही नोंदी केल्या असून त्यांसाठी रकाने पाडलेला एक तक्ता तयार केला आहे. इसामियाबाजारातील एका वृद्ध बाईंस आम्ही पहिला प्रश्न विचारला, की आपण किती वाजता उठत असा? त्या म्हणाल्या, “घड्याळ सासऱ्यांच्या खोलीत होतं. सासूबाई उठायच्या आत उठायचं, एवढं ठाऊक.” आणि निजत केव्हा, असे विचारता त्या हसल्या व म्हणाल्या, “सगळे निजल्यावर.” त्या दोन रकान्यांत कोणता आकडा लिहावा, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही.